मृत्युपत्रातली दोन पितळी डोकी

पुण्याहून निघाले त्या संध्याकाळी आई गाडीत बसली नाही. मुंबईचं विमानतळ लांब, परतायला पहाट होणार, तिची कंबर धरते, ही कारणं तिने आठवडाभर आधीपासून सांगून ठेवली होती. बाबा ड्रायव्हरशेजारी बसले होते आणि मी मागे, मांडीवर लॅपटॉपची बॅग घट्ट धरून. आई सोसायटीच्या फाटकाशी आली आणि खिडकीत वाकली. "पासपोर्ट दाखव." मी दाखवला. "स्वेटर वरच आहे. तिथे कुणात फार गुंतू नकोस. मोजकं बोल, अंतर ठेवून राहा. दोनच वर्षांचा प्रश्न आहे."

मला हा सल्ला देण्याची खरं तर गरज नव्हती. इंग्रजी शाळेत मी घुमी, आणि घरी नातेवाइकांत 'इंग्रजी शाळेतली' म्हणून गप्प, अशी दोन्हीकडे बाजूला उभी राहून मोठी झाले. पण थोड्याच आठवड्यांत अख्ख्या जगाला आईचाच सल्ला मिळाला, दीड मीटरच्या मापासकट, आणि मला वाटून गेलं की तिने तो जरा जास्तच मनापासून दिला होता.

नोकरी हूफडॉर्प या डच गावात होती, सॉफ्टवेअर टेस्टिंगची. खोली मिळाली हार्लेममध्ये, विजया काकूंच्या घराच्या माळ्यावर. काकू मूळच्या परभणीच्या. लग्न होऊन इथे आल्या त्याला एक जन्म झाला होता. काका इंजिनिअर होते, ते जाऊन काही वर्षं झाली होती. मुलगा समीर आइंडहोवनला, चिप बनवणाऱ्या यंत्रांच्या कंपनीत. त्याची बायको फेमके डच. पहिल्याच दिवशी काकूंनी मला विचारलं, "कुणाची गं तू?" मी कंपनीचं नाव सांगितलं. त्या इतक्या हसल्या की त्यांना जिन्याचा कठडा धरावा लागला.

मग ऑफिस बंद झालं आणि आम्ही दोघी एका घरात अडकलो. त्या तळमजल्यावर, मी माळ्यावर, मधे शिडीसारखा उभा डच जिना. त्यांना दमा होता आणि बाहेर जाणारी मी एकटी. सुपरमार्केटमधून आले की मी दुधाची बाटलीसुद्धा साबणाने धुवायची. त्यांच्यासमोरून जाताना श्वास रोखून धरायची. "अगं, श्वास तरी घे की," त्या स्वयंपाकघरातून ओरडायच्या. "माझ्या आधी तूच जाशील अशानं." पुण्याला मात्र मी सगळं छान चाललंय असं सांगायची. तुमच्यातले जे असे निघून आले आहेत त्यांना हे नव्याने सांगायला नको. व्हिडिओ कॉलवर आपण खोलीचा तोच कोपरा दाखवतो जो आवरलेला असतो. आणि जे मागे राहिलेत त्यांनाही ते कळत असतं. तेही त्यांचा आवरलेला कोपराच दाखवतात.

त्या भाद्रपदात काकूंनी त्यांच्या महालक्ष्म्या बसवल्या. आमच्याकडे त्यांना गौरी म्हणतात. पितळेचे दोन मुखवटे, ज्येष्ठा आणि कनिष्ठा, सासूकडून आलेले. धडांसाठी काकूंनी जुन्या वस्तूंच्या दुकानातून शिंप्याचे दोन पुतळे आणले होते, त्यामुळे हार्लेमच्या महालक्ष्म्यांचे खांदे ताठ आणि कंबर फारच बारीक होती. नवरा गेलेल्या बाईने त्या बसवायच्या नसतात, असं मी लहानपणी ऐकलेलं होतं. ते माझ्या चेहऱ्यावर दिसलं असावं.

"काका गेले त्या वर्षी परभणीहून जावेचा फोन आला होता," काकू निऱ्या घालता घालता म्हणाल्या. "आता तू बसवू नको म्हणे. मी म्हटलं, मग तू ये तिकीट काढून अन् बसव. काही आली नाही ती."

एक मुखवटा त्यांनी माझ्या हातात दिला. मी म्हटलं, मला यातलं काही येत नाही.

"मला तरी कुठं येत होतं? सासूबाई ओरडायच्या अन् मी शिकायचे. मला ओरडायला होत नाही. तू नुसती बघ."

मी बघितलं. बघणं मला येतं. जेवायला आम्ही दोघीच होतो, टेबलाच्या दोन टोकांना. आपण पाहुणी आहोत असंच मी धरून चालले होते.

हिवाळ्यात काकूंना ताप आला. इथे प्रत्येकाचा एक ठरलेला हाउसआर्ट्स असतो, आपल्या फॅमिली डॉक्टरसारखा. त्याने फोनवरच खोकला ऐकला आणि अँब्युलन्स पाठवली. माझी टेस्ट निगेटिव्ह आली. तरीही माझ्यामुळेच का, हा प्रश्न माझ्या पोटात बसला तो बसलाच. समीरला विचारायचं धाडस झालं नाही आणि त्यानेही विषय काढला नाही. काकू परत आल्या नाहीत. अंत्यविधीला मोजकी माणसं, लांब लांब मांडलेल्या खुर्च्या. समीरने माझीही एक खुर्ची ठेवली होती. मी तिच्या टोकावर बसून राहिले.

काही दिवसांनी नोटारिसच्या ऑफिसातून मेल आला, मृत्युपत्राचं काम पाहणाऱ्यांकडून. त्यात तुमचं नाव आहे, कॉलला हजर राहावं. मी तो मेल पुन्हा पुन्हा भाषांतर करून वाचला. माझ्या मनात आलं, आता परमिटची चौकशी होणार. गरम पाणी मी फार वापरायची, ते काकूंनी कुठेतरी लिहून ठेवलं असणार. भारतातून आलेल्या माणसाला सरकारी पद्धतीने काही मिळू शकतं, हे डोक्यात आलंच नाही.

कॉलवर चष्मा लावलेल्या एक वयस्क बाई होत्या, दुसऱ्या चौकोनात समीर. माझ्यासाठी बाईंनी इंग्रजीत वाचलं. माळ्यावर राहणाऱ्या रेवतीस, पितळेची दोन डोकी, त्यांच्या साड्या आणि दागिन्यांसह. मग त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"धडांचा उल्लेख नाही. धडं कुठे आहेत?"

"शेडमध्ये," समीर म्हणाला.

"कोणाची?"

समीरला हसू फुटलं, आणि हसता हसताच तो रडायला लागला. त्याने कॅमेरा बंद केला. बाई आणि मी त्या काळ्या चौकोनाकडे बघत राहिलो.

पुढे होतं ते असं. डोकी पेटीत कोंडून ठेवू नयेत. वर्षातून एकदा तीन दिवस बसवावीत. जेवायला येणाऱ्यांना रेवतीने स्वतः त्यांच्या दारात जाऊन बोलवावं, मेसेज पाठवून नव्हे. "कायद्याने ही अट नाही," बाई म्हणाल्या. "फक्त इच्छा आहे. आणि तुम्ही हे सगळंच नाकारूही शकता. विचार करून कळवा."

अट असती तर मला बरं वाटलं असतं. अटीशी माणूस भांडू शकतो. गेलेल्या बाईच्या इच्छेशी कसं भांडायचं? एकदा हाती घेतल्या की गौरी सोडता येत नाहीत, एवढं मलाही ठाऊक होतं. दर भाद्रपदात, असाल तिथे. आणि पुढच्या भाद्रपदात मी कुठे असेन तेच मला माहीत नव्हतं. शिवाय कुणाच्या दारात जायचं? इथे आल्यापासून मी एकाही घराची बेल वाजवलेली नव्हती.

घर विकलं जाईपर्यंत समीरने मला तिथेच राहू दिलं होतं. एक दिवस तो पेटी घेऊन आला, पायरीवर ठेवली आणि नियमाप्रमाणे मागे सरकला.

"नको असतील तर सांग, प्लीज," तो म्हणाला. त्याचं मराठी आईशी बोलण्यापुरतंच होतं आणि आता ते वापरायला माझ्याशिवाय कुणी उरलं नव्हतं. "फेमके म्हणते आपण शेल्फवर ठेवू. डेकोरेशन. पण आईला ते... यू नो."

"विचार करते," मी म्हटलं. विचार मी खूप करते. निर्णय तेवढा होत नाही.

पेटी उघडली तर मुखवटे काळवंडलेले. आपला किराणा ठेवणाऱ्या सुरिनामी दुकानातली चिंच आणून मी ते घासले. इतके लखलखीत झाले की परत कापडात गुंडाळवेना. पण खालून पोकळ असल्याने ते कुठे उभे राहत नव्हते. टेबलामागच्या फळीवर माझ्या तांदळाच्या दोन बरण्या होत्या, त्यांच्या झाकणांवर ते नेमके बसले. गळ्याखालची नुसती पोकळी कशीतरीच दिसत होती, म्हणून वरून एकेक ओढणी घातली. ऑफिसच्या कॉलवर मॅनेजरने 'नाइस स्कल्प्चर्स' म्हटलं. मला जरा बरं वाटलं.

मग आईचा फोन आला.

"रेवा, मागे कोण बसलंय?"

काकू गेल्याचं मी तिला सांगितलं होतं, मृत्युपत्राचं नाही. आता सगळं सांगायला लागले, पण ती ऐकत नव्हती. तिची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली होती.

"त्यांना दारातून आत कुणी आणलं?"

"मी. पेटी पायरीवर होती."

"आणि खाली काय आहे?"

"तांदळाच्या बरण्या. उभ्या राहत नव्हत्या ना."

"धान्यावर. आणि डोक्यावर पदर?"

"ओढणी आहे आई."

आईने कपाळाला हात लावला. "मग राहिलं काय? बसवल्यास तू त्यांना! कधीपासून?"

"परवापासून."

"जेवायला काय घातलंस?"

मी काहीच घातलं नव्हतं. मी स्वतः ब्रेड आणि चीज खात होते, तेही त्यांच्याकडे पाठ करून.

"अगं, लोकांच्या असल्या म्हणून काय उपाशी ठेवशील? ऊठ. घरात काय आहे?"

"ब्रेड."

"ब्रेड नाही. तांदूळ?"

"त्यावर त्या बसल्यात."

"मग नमस्कार कर, आणि विचारून वाटीभर काढ."

त्या दिवशी, भर हिवाळ्यात, भलत्याच महिन्यात, मी वरण-भात आणि बटाट्याची भाजी केली. आई फोनवरून मीठ सांगत होती. गोडाला काय, असं तिने विचारलं तेव्हा मी इथल्या पाकातल्या बिस्किटांचा पुडा पुढे केला. "अंडं आहे का बघ." मी पुड्यामागचं वाचलं. होतं. "मग साखर ठेव," आई म्हणाली. "आणि हसू नकोस." मी हसत नव्हते. मी साखर वाटीत काढत होते.

नैवेद्य झाल्यावर मात्र तिचा आवाज बदलला. "आता मुखवटे जरासे हलव, म्हणजे निघाल्या. आणि त्या मुलाला परत देऊन टाक. आपल्या खड्यांच्या गौरी. उद्या लग्न झालं की सासरच्या असतील. मग ह्या तिसऱ्या कुणाच्या? लोकांचं कूळ, लोकांचे देव. तू नोकरीला गेलीस ना तिथे?"

मी मुखवटे हलवले आणि पेटीत ठेवले. दुसऱ्या दिवशी नोटारिसबाईंना फोन करून विचारलं, अजून नाही म्हणता येईल का?

"तुम्ही वस्तू ताब्यात घेतल्यात का? वापरल्यात?"

"त्यांना जेवायला घातलं."

त्यांनी मला ते वाक्य पुन्हा एकदा म्हणायला लावलं. "असं वागलं," त्या म्हणाल्या, "की सहसा स्वीकारलं असं धरतात." मग त्यांनी सावकाश सांगितलं की माझ्यावर कुणी जबरदस्ती करणार नाही, समीर आणि मी आपसात काय ते ठरवावं. पण ऐकून मी हबकले. आई आणि नोटारिसबाई, एकमेकींना कधीही न भेटलेल्या दोघी, एकाच निकालाला पोचल्या होत्या. निकाल लागायचा राहिला होता तो फक्त माझा.

उन्हाळ्यात हार्लेमचं घर विकलं गेलं. मी हूफडॉर्पला ऑफिसजवळ फ्लॅट घेतला, नव्या इमारतींच्या रांगेत, जिथे झाडंसुद्धा अजून काठीला बांधलेली होती. पेटी कपाटात गेली. भाद्रपद जवळ आला तसं आईने रोज विचारायला सुरुवात केली. "दिल्यास का परत?" मी 'देते' म्हणायची. समीरशी बोलणं होत नाही, तो बिझी असतो, काहीही सांगायची. एक दिवस सुचलंच नाही आणि मी खरं बोलले. "नाही दिल्या."

ती म्हणाली, "त्या तिथे बसल्या की तू तिथेच बसशील."

इतक्या दिवसांत तिने पहिल्यांदाच न आवरलेलं काही दाखवलं होतं. मलाही मग राहवलं नाही. "आई, ऑफिसने कॉन्ट्रॅक्ट वाढवायचं विचारलं होतं. मी हो म्हटलंय."

"कधी?"

"मागच्या आठवड्यात."

"आणि आज सांगतेस." फोन बंद झाला. त्यानंतर ती बाबांकरवीच बोलायला लागली. "आई विचारते, जेवलीस का?" एवढंच.

त्या दिवसांत मी पेटी दोनदा दारापाशी आणून ठेवली, समीरकडे पोचवायची म्हणून. एकदा तर बससाठी कोटही घातला. आणि कोट घालून तिथेच उभी राहिले. ह्या परत दिल्या तरी मी काही पुण्याला जाणार नव्हते. आईला तेवढ्याने समाधान वाटेल, पण ते खोटं समाधान असेल. मी इथेच राहणार होते, फक्त न बसता, खुर्चीच्या टोकावर, कायम निघण्याच्या तयारीत. नाही म्हणून मी नक्की काय वाचवणार होते? मी कोट काढला.

मग कुंकवाचा करंडा घेऊन निघाले. पुढच्या इमारतीत नागपूरचं एक कुटुंब राहायचं, बसस्टॉपवर त्यांचं मराठी मी अनेकदा चोरून ऐकलं होतं. बेल वाजवण्याआधी मी जिन्यातून एकदा खाली जाऊन आले. दार त्यांच्या छोट्या मुलीने उघडलं. "मम्मा, देअर्स अ लेडी विथ रेड पावडर!" तिची आई हात पुसत आली, करंडा बघून थबकली. "अय्या, बोलावणं? इथे?" तिने कपाळ पुढे केलं, मी बोट पुढे केलं, आणि मधलं दीड मीटर दोघींनाही एकदमच आठवलं. शेवटी करंडा मी जमिनीवर ठेवला, मागे सरकले, तिने स्वतःच कुंकू लावलं. "महालक्ष्म्या का? आमच्याकडे पण असतात जी," ती म्हणाली, "पण त्या मोठ्या जाऊबाईंकडे. मी नक्की येते. काय आणू?"

खालच्या मजल्यावरच्या डच आजोबांनी डायरी काढली. "किती ते किती?" मी म्हटलं, जेवण संपेपर्यंत. त्यांनी ते तसंच लिहून घेतलं.

आदल्या दिवशी फोन वाजला. बाबा नव्हते, आई होती.

"आंबील केलीस का?"

"तुला आंबील कशी माहीत?"

"परभणीकडच्या ना त्या? मग आंबील लागते. वरच्या मजल्यावरच्या जोशीबाई तिकडच्याच, त्यांना विचारून आले. ज्वारीचं पीठ भिजव, ताक आंबट घे, लसूण घाल. आणि पहिल्या दिवशी भाजी-भाकरी, पुरण दुसऱ्या दिवशी. उलटं करून ठेवशील." कॉन्ट्रॅक्टचं ती काही बोलली नाही. मीही नाही.

समीर आणि फेमके ते दोन शिंप्याचे पुतळे गाडीत मागच्या सीटवर पट्टे लावून घेऊन आले. साड्या नेसवायला तासनतास लागले, कारण तिघांपैकी कुणालाच धड येत नव्हतं. मग मुखवटे ताटात घेऊन मी फ्लॅटच्या बाहेर गेले. काकूंच्या पद्धतीत बाहेरून आणणारीला आतून कुणीतरी विचारायचं असतं. आमच्या घरचे खडे एक शब्दही न बोलता आणतात, आणि ते काम लहानपणापासून माझ्याकडेच होतं. इथे मात्र मोठ्याने उत्तर द्यायला हवं होतं. समीरला काय विचारायचं ते माहीत नव्हतं. म्हणून त्याने फोन आतल्या टेबलावर उभा केला, आणि पुण्याहून आईचा आवाज आला.

"कोण आलंय?"

"महालक्ष्मी आली," मी म्हटलं.

"शी सेज, ऐकू येत नाही!" समीर आतून ओरडला.

लिफ्टपाशी शेजारचा माणूस सायकल धरून उभा होता. तो बघत होता. मी एक श्वास घेतला. "महालक्ष्मी आली!"

अख्ख्या कॉरिडॉरमध्ये ते घुमलं. माझा आवाज एवढा आहे हे मला माहीत नव्हतं.

"कशाच्या पावलांनी?"

"सोन्याच्या पावलांनी!"

त्यापुढे आईने अजून काही विचारायचं होतं. जोशीबाईंनी तिला सगळं पाठ करवून पाठवलं होतं, हे तिने मला नंतर सांगितलं. पण आतून आवाजच येईना. नेट गेलं असं मला वाटलं. ताट जड झालं होतं. शेजाऱ्याने हलकेच सायकलचा स्टँड लावला.

"ये," आई म्हणाली. "आत ये, रेवा."

त्या फ्लॅटची किल्ली माझ्याकडे होती, दारावर आडनाव माझं होतं, गमेंतेच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या दप्तरी तो माझाच पत्ता होता. पण रोज संध्याकाळी मी तो उघडायची तेव्हा आत ये म्हणणारं तिथे कुणी नसायचं. तुम्ही मागे राहिलेले आम्हाला विचारता, घरी कधी येणार, आणि आम्ही तारखा सांगतो. तारखा खऱ्या असतात. मीही त्या पुढच्या हिवाळ्यात पुण्याला जाऊन आले, आईच्या हातचं जेवले, आणि परतताना यावेळी तीही विमानतळापर्यंत आली. पण घर कुठलं असं आता कुणी विचारलं तर मला पुणं किंवा हूफडॉर्प यांपैकी एक निवडता येत नाही, आणि ते निवडायला हवं असं वाटतही नाही. तिथे नसलेल्या माणसाने मला तिथे आत बोलावलं. मी आत गेले आणि दार लावून घेतलं.